आधी प्रश्न, मग चहा

"आधी प्रश्न, मग चहा."

आमच्या घरात पाऊल टाकताना शेजारच्या काकांचं हे वाक्य ठरलेलं असायचं. पण पाऊल टाकण्याआधी आणखी एक प्रकार व्हायचा. ते घंटी वाजवायचे आणि लगबगीनं मागे जाऊन थेट बागेच्या फाटकाशी उभे राहायचे. दार उघडावं तर समोर कुणी नाही, आणि लांब फाटकाशी करडा कोट, निळा मफलर, ताठ मान. जणू फोटो काढून घ्यायला आलेत. माझ्या नवऱ्याला, अमोलला, पहिल्यांदा वाटलं की कुणी पोरं घंटी वाजवून पळाली आणि हे गृहस्थ साक्ष द्यायला थांबलेत.

मी एकदा विचारलं, "काका, एवढं लांब का उभे राहता?"

"दार उघडणाऱ्याला माणूस आख्खा दिसला पाहिजे, बेटा. नुसतं तोंड नाही." मग म्हणाले, "माझे आजोबा लोकांच्या दारापासून लांब उभे राहायचे, कारण त्यांना तसं बजावलेलं होतं. मी लांब उभा राहतो, कारण मला आवडतं. फरक आहे की नाही?"

आहे म्हटल्यावर ते आत आले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की जो आला की घरातली मंडळी अभ्यास न झालेल्या मुलांसारखी एकमेकांकडे बघतात. काका विचारायचे ते प्रश्न वरवर साधे असत. "तुमच्या ऑफिसात दुपारी जेवायला कोण कुणाबरोबर बसतं?" "हा रस्ता बंद केला, तर त्या पलीकडच्या म्हातारीनं दुकानात कसं जायचं, हे कुणी विचारलं का?" आमच्या ईराला, ती सहा वर्षांची असताना, "तुझ्या वर्गात कुणाला खेळायला घेत नाहीत?" ईरानं विचार करून एक नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीला खेळायला घेतलं. एवढं झाल्यावर मग चहा. साखर दोन चमचे, आणि बिस्किट बुडवलेलं तुटून पडलं की "गेलं!" असं दुःखानं म्हणायचं.

वर्ध्याजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. नागपुरात इंजिनिअरिंग करून तरुणपणी इंग्लंडला आले आणि कौन्सिलच्या रस्ते विभागात निवृत्त होईपर्यंत राहिले. बेसिंगस्टोकमध्ये ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना इथले राउंडअबाउट, म्हणजे चौकातले गोल वळसे, माहीत असतील. एकातून सुटावं तोवर दुसरा. काकांना गाडीत घेतलं की ते प्रत्येकाची जबाबदारी वाटून द्यायचे. "हा माझा नाही. हाही माझा नाही. हा... हा माझा. सॉरी."

आम्ही पुण्याचे, ते विदर्भातले. आम्ही घरात गणपती बसवणारे, ते महिन्यातून एकदा लंडनमधल्या एजवेअरला बुद्धविहारात वंदनेला जाणारे. पहिल्या भेटीत त्यांनी "जय भीम" म्हटलं आणि मी काय म्हणते ते बारीक नजरेनं बघत राहिले. मीही "जय भीम, काका" म्हटलं. "पास," ते म्हणाले. पुढची आठ-नऊ वर्षं ते आमच्या घरी येत राहिले.

काकू नर्स होत्या. आम्ही इथे राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी सुजाता लंडनमध्ये विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. तिचा विषय निघाला की काका सुरुवातीला भरभरून बोलायचे. मग एका वर्षी ते बोलणं आटलं. "सुजाता कशी आहे?" विचारलं की "बाहेर असते हल्ली," एवढंच. बाहेर म्हणजे आम्हाला वाटलं दुबई नाहीतर सिंगापूर. तेवढ्यावर ते दुसरंच काहीतरी विचारायचे. दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्वतःला प्रश्न नको असतात, हे आपल्या लक्षात यायला वेळ लागतो.

जूनमधला एक शुक्रवार. संध्याकाळी घंटी वाजली, दार उघडलं, काका फाटकाशी.

"आधी प्रश्न," आत येत ते म्हणाले. "ईराच्या शाळेत तो अमिश लोकांचा प्रोजेक्ट चालू आहे ना? ते अमेरिकेतले, घोडागाडीवाले?"

होता खरा. ईरा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि वीज न वापरणाऱ्या लोकांची मुलं दिवसभर करतात काय, या काळजीनं आमचं डोकं खात होती.

"ससेक्समध्ये तसलीच एक वस्ती आहे. अमिश नव्हेत, त्यांचे चुलतभाऊ म्हण. साधे कपडे, टीव्ही नाही, सगळ्यांचं सगळं सामाईक. उद्या त्यांचा ओपन डे आहे, कुणीही यावं. घोडागाडी आहे, केक आहे. गेलो असतो आपण सगळे." मग कपाकडे बघत म्हणाले, "मी आता गाडी चालवत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर लायसन्स देऊन टाकलं."

अमोलला शनिवारी लॉन कापायचं नव्हतंच. निघालो.

ती सकाळ मला फार छान आठवते. एम थ्री महामार्गावर गर्दी नव्हती. मी धपाटे आणि दही घेतलं होतं. ईरा मागे काकांशेजारी बसून त्यांना अमिशांची माहिती पुरवत होती. तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "काका, त्यांची घोडा टॅक्सीसारखा असतो. आणि बाई लोक सगळे सेम टोपी घालतात." एरवी काका तिची प्रत्येक चूक दुरुस्त करायचे. त्या दिवशी नुसतं "हो का," "असं का," चाललं होतं. राउंडअबाउट मागे पडले तरी त्यांनी एकाचीही जबाबदारी घेतली नव्हती.

सर्व्हिसेसला, म्हणजे महामार्गावरच्या उपाहारगृहाशी, थांबलो. अमोल आणि ईरा आत गेले. मी आणि काका गाडीपाशी उभे. त्यांनी मफलर काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"तुला सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "तिथे सुजाता आहे."

"ओपन डेला आलीय?"

"राहते तिथे. दीड वर्ष झालं. नोकरी सोडली, फ्लॅट सोडला, कमावलेलं सगळं त्यांच्या स्वाधीन करायला निघाली आहे. डोक्याला रुमाल बांधते. सकाळी कुणीतरी सांगतं, आज तू भाजी चिरायची, आज तू धुणं धुवायचं. ती ते करते." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, मफलर मात्र हातात पिळला जात होता. "फोनवर भांडलो. म्हटलं, हे असलं करायचं असेल तर मला फोन करू नको. मुलगी माझ्यावरच गेली आहे. तिनं केला नाही."

"आणि ओपन डेचं कसं कळलं?"

"तिनं पोस्टानं कार्ड पाठवलं. छापील. खाली तिचं नावसुद्धा नाही." मग म्हणाले, "माझ्या आज्ज्यानं गावकीची कामं सोडली ती कशासाठी? तुझं काम हे, तुझी जागा ही, असं दुसऱ्यानं ठरवू नये म्हणून. त्याच्या नातवानं नागपूर गाठलं, लंडन गाठलं. आणि पणती परत खेड्यात जाऊन बसली. तेही दुसऱ्याच्या देवाच्या."

अमोल कॉफी घेऊन आला आणि आम्ही पुढे निघालो.

ती वस्ती एका टेकडीवर होती. सफरचंदाच्या बागा, शंकूसारख्या छपरांची जुनी विटांची घरं, आणि मग एक रुंद लाकडी फाटक, सताड उघडं. काकांनी ते फाटक नीट पाहिलं. कडी आहे का, कुलूप आहे का, राखण करणारं कुणी आहे का. काहीच नव्हतं. तरीही आत शिरायच्या आधी ते बाहेरच उभे राहिले.

आत जत्रेसारखं वातावरण होतं. गवताच्या गंजींवर पोरं उड्या मारत होती. दाढीवाले पुरुष चौकड्यांच्या शर्टात, पट्ट्यांनी पँट वर ओढलेली. बायका लांब झग्यात, डोक्याला ठिपक्यांचे रुमाल. दोन प्रचंड घोडे जुंपलेली गाडी लोकांना शेताभोवती फिरवत होती. ईरानं घोड्यांचे पाय पाहिले, ते तिच्या कमरेएवढे जाड होते, आणि ती अमोलला ओढत रांगेकडे पळाली.

तेवढ्यात भाकऱ्यांसारखे मोठाले पाव भरलेली टोपली घेऊन एक बाई समोरून आली. चिखलानं भरलेले बूट, निळा रुमाल. तिनं टोपली खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही खरंच आली!"

"आलात," काका म्हणाले. "तुम्ही आलात."

"आलात," ती म्हणाली.

दोघांमध्ये बरंच अंतर होतं. कुणीच पुढे सरकेना. मी मध्येच "मी शेजारची" वगैरे काहीतरी पुटपुटले. सुजाता वडिलांसारखीच ताठ होती. तेच कपाळ, आणि आपण काय म्हणतो ते ऐकताना तीच बारीक नजर.

इतक्यात एक उंच म्हातारा हात पुसत आला. काकांच्याच वयाचा, पांढरी दाढी, हातावर लाकडाचा भुसा. त्याचं नाव थॉमस. सुतारकामाचा कारखाना बघायचा आणि शिवाय वस्तीतल्या वडीलधाऱ्यांपैकी एक. बोलण्यात जर्मन वळण होतं. सुजाताचे वडील म्हटल्यावर त्यानं दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. "आधी चहा घेऊ या," तो म्हणाला.

"फर्स्ट क्वेश्चन, देन टी," काका म्हणाले.

"विचारा."

"इथे संडास कोण साफ करतं?"

शेजारी जॅमच्या बरण्या मांडणाऱ्या दोघी थांबल्या. सुजातानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता परत गाडीकडे.

"या आठवड्यात मी," थॉमस म्हणाला. "बायको म्हणते, मी कोपरे नीट घासत नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरची पाळी."

"डॉक्टर करतो?"

"करते. ती माझ्यापेक्षाही वाईट करते."

काकांच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण ते सोडणार नव्हते. मुलींना शिकवता का? हो, बाहेरच्या कॉलेजातही जातात काही. लग्न कोण ठरवतं? ज्याचं तो, पण वडीलधाऱ्यांना सांगून. एखाद्याला निघून जायचं असेल तर? जातात. रडतो आम्ही, पण स्टेशनवर सोडायला जातो.

"आणि महत्त्वाचे निर्णय घ्यायला बसतात, त्यात बायका किती?"

थॉमसनं हातावरचा भुसा झटकला. मग पुन्हा झटकला, जिथे काही राहिलं नव्हतं तिथून. "बोलतात सगळ्या," तो म्हणाला. "पण शेवटी ठरवतात ते बहुतेक पुरुष. माझ्याकडे याला चांगलं उत्तर नाही."

"मग ते तयार ठेवा," काका म्हणाले. "परत आलो की विचारीन."

आणि चहाला गेले.

दुपारचं जेवण एका लांबलचक हॉलमध्ये होतं. पाहुणे, वस्तीतली माणसं, म्हातारे, तान्ही पोरं, सगळे एकत्रच टेबलांवर. जेवणाआधी त्यांनी उभं राहून एक प्रार्थना गायली. काका सगळ्यांबरोबर उभे राहिले. हात जोडले नाहीत, मान झुकवली नाही, डोळे उघडे ठेवून आदरानं उभे होते. मग सुपाची मोठी भांडी आली आणि ज्यानं त्यानं शेजाऱ्याला वाढायचं, अशी तिथली पद्धत. काकांच्या उजव्या बाजूला एक बोलता न येणारा तरुण होता. त्यानं हात थरथरत असतानाही काकांच्या वाडग्यात सूप ओतलं. अर्धं टेबलावर सांडलं. कुणी "अरेरे" केलं नाही, पटकन पुसायला धावलं नाही. काकांनी त्याला वाढलं. तो हसला.

मी समोरून बघत होते. काकांचा चमचा बराच वेळ हवेतच होता.

जेवणानंतर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिच्याशी बोलायचंय. तू थांब तिथे. एकटा असलो की मी चिडतो."

धुणं वाळत घालायच्या जागेमागे एक बाक होता. वाऱ्यावर ओळीनं चादरी फडफडत होत्या. ते दोघं बाकावर बसले आणि मी जरा बाजूला, उलट्या केलेल्या बादलीवर. तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण मला थांबायला सांगितलं होतं.

चिडलेच ते. चिडले की त्यांची शहरी मराठी गळून पडायची आणि गावची भाषा वर यायची. "काहून राहून रायली तू इथं? काय कमी होतं तुले? दुसऱ्यानं नेमून दिलेलं काम करायचं, हेच करायचं होतं तर आपल्या सात पिढ्यांनी तेच केलं होतं ना! त्यांनी ते सोडावं म्हणून किती जणांनी मार खाल्ला, माहीत आहे तुले?"

"माहीत आहे, बाबा. तुम्हीच सांगितला आहे."

"सांगितलं आहे."

"सांगितलं आहे." मग म्हणाली, "तुम्ही लोकांच्या दारापासून लांब उभे राहता. तुमचे आजोबा पण उभे राहायचे. तुम्हीच म्हणता, आजोबांना फोर्स केलं होतं आणि मला आवडतं, सो इट्स डिफरंट. मग माझं पण डिफरंट आहे ना? मला कुणी पकडून नाही आणलं. मी चूज केलं. रोज सकाळी तो गेट उघडा असतो आणि मी रोज चूज करते."

वादात काकांचं स्वतःचंच वाक्य त्यांच्या समोर येऊन उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"आई गेली," सुजाता म्हणाली, आणि आता ती त्यांच्याकडे बघत नव्हती, "तेव्हा सोमवारी मी ऑफिसला होते. मंडे मॉर्निंग. माझ्या शेजारच्या डेस्कवाल्याला माहीतच नव्हतं. माझ्या फ्लॅटच्या समोर कोण राहतं मला माहीत नव्हतं. आणि तुम्ही, बाबा, तुम्ही त्या रविवारी विहारात भाषण द्यायला गेले. समाजासाठी. आपण दोघं एकदा पण एकत्र बसून रडलो नाही. मी इथे एका वीकेंडला मैत्रिणीबरोबर आले, कुणीतरी विचारलं, हाऊ इज युअर मदर, आणि मी तीन दिवस रडत होते. ते माझ्याजवळ बसून राहिले. काम सोडून. दॅट्स इट. म्हणून मी इथे आहे."

एक चादर सुटून गवतावर पडली. कुणी उचलली नाही.

काका म्हणाले, "भाषण द्यायचं नव्हतं मला."

"मग का गेले?"

"घरी आलो असतो तर तुझी आई तिथे नव्हती."

सुजातानं त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. दोघं रडले की नाही ते मी सांगणार नाही. मी चादर उचलायला गेले होते आणि ती वाळत घालायला मी मुद्दाम वेळ लावला.

मी परत आले तेव्हा काकांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "एक सांग. हा रुमाल तुला आवडतो?"

"टू बी ऑनेस्ट, नाही. उन्हात डोकं खाजतो."

"खाजतं. मग तू त्यांना विचारलंस का, बायकांनीच का बांधायचा?"

"नाही."

"का नाही?"

तिनं रुमालाची गाठ सैल केली.

"राहा तू इथं," काका म्हणाले. "मला पटलेलं नाही. पण तू निवडलंस, राहा. फक्त विचारायचं सोडू नको. जिथे विचारायचं सोडलंस, तिथून पुढे मग तू निवडलंस असं म्हणता येणार नाही."

परतीच्या वाटेवर ईरा झोपली होती. तिच्या मांडीवर घोड्याची नाल होती, थॉमसनं दिलेली. अंधारायला अजून अवकाश होता, शेतांवर लांब सावल्या पडल्या होत्या. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझे आजोबा लग्नात वाजवायला जायचे. सगळ्यांची जेवणं झाली की घरामागे त्यांची पंगत. ते म्हणायचे, वाजंत्री गोड लागतात सगळ्यांना, वाजवणारा शेजारी बसलेला चालत नाही." आम्ही बेसिंगस्टोकला शिरलो तेव्हा म्हणाले, "त्या पोरानं काय जोरात वाढलं सूप! टेबलावरून थेट माझ्या पँटवर."

इथवर सगळं एखाद्या गोष्टीत शोभावं असं झालं. पण काकांचं पुढचं आयुष्य गोष्टीसारखं सरळ गेलं नाही, आणि मला वाटतं तेच त्यांना शोभलं.

ते महिन्यातून एकदा ससेक्सला जायला लागले. सीनियर रेलकार्ड काढलं. वॉटर्लूला उतरायचं, पलीकडच्या स्टेशनात जायचं, पुढची गाडी धरायची. शेवटच्या स्टेशनावर थॉमस मिनीबस घेऊन उभा असायचा. सुजाताला भेटायला जातात असं आम्ही समजत होतो. जायचे तसेच, पण तिला भेटून झालं की उरलेला दिवस सुतारकामाच्या कारखान्यात. थॉमस लाकूड घासायचा आणि काका स्टुलावर बसून त्याच्याशी भांडायचे. देव आहे की नाही, माणसानं आज्ञा पाळावी की नाही, खासगी मालमत्ता वाईट का, आणि असेल तर मग माझा हा मफलर कुणाचा? परत आले की आम्हाला सगळा वृत्तांत मिळायचा. "मी त्याला वंदना शिकवतो. तो मला पाव भाजायला शिकवतो. दोघं नापास."

आणि सुजातानं विचारलं. रुमालाबद्दल विचारलं, निर्णयांबद्दल विचारलं. त्या लोकांनी तिला झिडकारलं नाही. बैठका घेतल्या, ऐकून घेतलं, कितीतरी महिने बोलत राहिले. शेवटी उत्तर आलं, ते "नाही" असं होतं.

"एव्हरीवन वॉज सो काइंड," तिनं मला फोनवर सांगितलं. "इतक्या प्रेमानं नाही म्हटलं की मला राग पण नाही आला. पण मग मला कळलं की मी राहू शकत नाही." थॉमसनंच तिला स्टेशनवर सोडलं. ती लेस्टरला गेली, एका हॉस्पिटलमध्ये नोकरी धरली, बेलग्रेव्ह रोडजवळ घर घेतलं, आणि आल्याआल्या समोरच्या दोन्ही घरांत जाऊन आपली ओळख करून दिली.

वस्ती सोडल्याची बातमी काकांना सांगायला, लेस्टरला जाण्याआधी, ती माझ्यासोबत त्यांच्या घरी आली होती. मला वाटलं, ते आनंदानं वेडे होतील. ते खुर्चीतून उठले, तिला जवळ घेतलं, आणि म्हणाले, "थॉमसला नीट सांगून आलीस ना? त्याला वाईट वाटलं असेल गं."

"बाबा! तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

"हो. पण त्याला वाईट वाटलं असेलच ना?"

पुढच्या महिन्यात ते पुन्हा ससेक्सला गेले. मुलगी बाहेर पडली आणि बाप जातच राहिला. विहारातली काही मंडळी कुजबुजली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, धर्म बदलतो की काय. काकांपर्यंत ते पोचलं. "माझ्या वडिलांचं बोट धरून मी दीक्षेला गेलो होतो," ते म्हणाले. "तो धर्म माझ्या अंगात मुरलाय, तो एका जर्मनाच्या सुपानं धुऊन जात नाही. मी तिथे जातो कारण थॉमसकडून एका प्रश्नाचं चांगलं उत्तर यायचं बाकी आहे. आणि तो माणूस 'माझ्याकडे उत्तर नाही' असं म्हणतो. असं म्हणणारी माणसं या वयात मला फारशी भेटत नाहीत."

एकदा मी त्यांना विचारलं की उत्तर आलं का.

"आता दोन बायका बसतात बैठकीला," ते म्हणाले. "बोलायला परवानगी आहे, मत द्यायला नाही. मी त्याला म्हटलं, थॉमस, ही प्रगती आहे की चेष्टा? तो म्हणाला, अजून ठरवता येत नाही." आणि खदखदून हसले.

यंदा वसंतात, बागांमध्ये डॅफोडिल उमललेली असताना, काका दुपारी जेवून खिडकीशी खुर्चीत बसले ते उठले नाहीत. सुजाता त्या वेळी त्यांच्याच घरी होती, स्वयंपाकघरात. "आय वॉज देअर," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "मी तिथे होते."

अंत्यविधीनंतर कौन्सिलच्या एका हॉलमध्ये वंदना होती. एजवेअरहून भन्तेजी आले होते. जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, मागे वयस्कर लोकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. वंदना सुरू व्हायच्या जरासं आधी थॉमस आणि त्याची बायको आले. तो काळ्या जाकिटात, ती झग्यात आणि रुमालात. लोक वळून बघू लागले. कुणीतरी अदबीनं त्यांना मागच्या खुर्च्यांकडे नेऊ लागलं.

थॉमस थांबला. "जवळची माणसं कुठे बसतात?" त्यानं सुजाताला विचारलं.

तिनं पुढे, जमिनीवरच्या चादरीकडे बोट दाखवलं.

तो पुढे आला. बायकोच्या खांद्याचा आधार घेत, गुडघे कसेबसे वाकवत खाली बसला. मांडी घालता येईना, म्हणून एक पाय लांब पसरून बसला आणि पाय भन्तेजींकडे होतोय हे लक्षात आल्यावर मोठ्या कष्टानं तो बाजूला वळवला. काकांनी शिकवूनही पालीतला एकही शब्द त्याला कळत नसणार. तासभर तो तसाच बसला.

संपल्यावर सगळे उठले. त्याला उठता येईना. एका बाजूनं सुजातानं आणि दुसऱ्या बाजूनं मी त्याच्या काखेत हात घातले.

"एक मिनिट," तो म्हणाला. "मला जरा बसू द्या."

आम्ही हात सोडले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाली बसलो. लोक जेवायला आतल्या खोलीत गेले. अमोल आणि ईरा मागच्या खुर्च्या एकावर एक रचायला लागले. आम्ही तिघं त्या रिकाम्या चादरीवर बसून राहिलो, आणि बराच वेळ कुणी कुणाला काही विचारलं नाही.